मुलीला कुरूप आहे

तात्या मोजणीदार समोर आलेल्या माणसाचे पाय आधी बघायचे. तोंड सवडीनं. बाजारात कोणी नमस्कार केला की ते खाली बघत, क्षणभर विचार करत आणि मग म्हणत, "अरे, तुम्ही होय!" टाचेला आडवी भेग म्हणजे पोस्टातले कारकून, अंगठ्याशी घट्टा म्हणजे देवळातले गुरव, अशी त्यांची ओळखायची रीत. पोस्टातल्या कारकुनांनी एकदा बंद बूट घेतले. त्यानंतर तात्या त्यांच्याशेजारून सरळ निघून जायला लागले. आपल्या हातून काय चुकलं, ते कारकुनांना कळेना. शेवटी त्यांनी घरी येऊन विचारलं, तेव्हा उंबऱ्यात बूट काढावे लागले आणि सगळा उलगडा झाला.

मी त्यांची शेजारीण झाले ती पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराला. डहाणूच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी आईला घेऊन तिथं राहायला आले. स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कौलारू घर होतं. अर्ध्या भागात तात्या, काकू आणि त्यांची मुलगी नलू, अर्ध्यात आम्ही. मधे कुडाची भिंत आणि मागं दोघांत मिळून एक पडवी. कुडाच्या भिंतीला कान असायची गरज नसते. पलीकडे कोणी कूस बदलली तरी अलीकडे कळायचं.

सामान उतरवत होतो तेव्हाच तात्या बाहेर आले. बुटकासा माणूस, गोरा, बिनमिशांचा, अंगात खादीचा शर्ट. त्यांनी माझे पाय पाहिले आणि म्हणाले, "बाई, एवढ्या भेगा घेऊन तुम्ही मुलींना स्वच्छता शिकवणार?"

मला भयंकर राग आला. माझ्या आईला मात्र माणूस तत्काळ आवडला, कारण ती हेच कित्येक वर्षं सांगत होती.

तात्या मोजणी खात्यात होते. डहाणूपासून तलासरीपर्यंतची शेतं, बांध, ओहोळ आणि भांडणं त्यांनी पायाखाली घातली होती. खांद्यावर साखळी घेतलेला माणूस पुढं आणि तात्या मागं. दगडधोंड्यांतून, कापलेल्या भाताच्या सडांतून हिंडून त्यांच्या तळव्यांची साल इतकी जाड झाली की एकदा म्हणे त्यांच्या टाचेत खिळा घुसला आणि तो त्यांना घरी आल्यावर, जमिनीवर टकटक आवाज यायला लागला तेव्हा कळला. काकू ही गोष्ट हसत सांगायच्या. तात्यांना तिच्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. त्या खिळ्यापासून त्यांनी पायांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली आणि मग बाकी कशाकडे लक्ष द्यायला त्यांना फारसा वेळ उरला नाही.

रोज संध्याकाळी दिवेलागणीआधी पडवीत घमेलं मांडलं जाई. पाणी कोमट, किती कोमट, ते तात्या कोपर बुडवून ठरवत. त्यात मूठभर जाडं मीठ. पाय बुडवून बसायचं ते बोटांच्या टोकांना सुरकुत्या येईपर्यंत. मग वज्री. त्यांची वज्री काळ्या खरखरीत दगडाची होती, आणि ती दुसऱ्या कोणी कपडे घासायला नेली तर घरात कोर्ट भरायचं. वज्री एकाच दिशेनं फिरवायची, हलक्या हातानं, ओल्या कातडीवर. आतली गुलाबी साल दिसायच्या आधी थांबायचं. मग पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि वर खोबरेल. थंडीत भेगा फार उकलल्या तर कोकमतेलाचा गोळा निखाऱ्यावर जरा पातळ करून भेगेत भरायचा आणि जुने मोजे चढवून झोपायचं.

"कातडीला घाई कळत नाही," असं ते म्हणत. "जोर लावाल तितकी चिडून जाड होते."

हे ते मला सांगत, आईला सांगत, दूधवाल्याला सांगत आणि कोणी नसलं तर मांजराला सांगत. पातं लावायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. स्टेशनजवळचा एक न्हावी पात्यानं टाचा साफ करून द्यायचा. त्याच्या दुकानावरून जाताना तात्या रस्त्याची बाजू बदलत.

त्यांच्याकडे कामासाठी आलेला माणूस काम होण्याआधी घमेल्यात जायचा. एकदा एक तरुण वरिष्ठ अधिकारी कुठल्याशा बांधाच्या तक्रारीवरून तात्यांना झापायला घरीच आले. जीपमधून उतरले तेव्हाच त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. तात्यांनी कपाळ पाहिलंच नाही. म्हणाले, "बसा साहेब. बूट काढा." साहेबांना वाटलं, घरात देव असतील. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि पुढच्या क्षणी त्यांचे पाय पाण्यात होते. आता, ज्याची विजार पोटरीपर्यंत वर सरकवलेली आहे आणि पाय घमेल्यात आहेत अशा माणसाला चढ्या आवाजात बोलणं जमत नाही. साहेबांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "हे रोज करायचं का?" जाताना पायांना तेल होतं म्हणून साहेब बूट हातात घेऊन जीपपर्यंत चवड्यांवर गेले. तक्रारीचं पुढं काय झालं, ते मला माहीत नाही. थंडीत मात्र त्यांचा शिपाई कोकमतेलाचा गोळा मागायला आला होता.

सगळ्यांनाच त्यांचं औषध लागू पडायचं असं नाही. साखळी धरणारा लखमा म्हणून एक माणूस त्यांच्यासोबत असे. जन्मापासून अनवाणी चाललेला. त्याचे तळवे बघून तात्यांच्या हाताला नुसती खाज सुटायची. तलासरीकडच्या मुक्कामात त्यांनी त्याला एका संध्याकाळी गाठलं, भिजवलं, घासलं, तेल लावलं आणि मोठ्या समाधानानं झोपले. दुसऱ्या दिवशी भाताच्या सडांत पाय टाकताच लखमा ओरडून खाली बसला. दिवसभर साखळी तात्यांनी ओढली आणि लखमा बांधावर बसून आकडे सांगत राहिला. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "साहेब, माझे पाय मला परत द्या." तात्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्यानंतर त्यांचा नियम झाला की ज्याला अनवाणी चालायचंय त्याची साल काढायची नाही, फक्त भेग बुजवायची. "ती साल म्हणजे त्याचा जोडा," ते म्हणत. "माझ्या हातून एका माणसाचे जोडे चोरीला गेले."

मला हा माणूस आवडायला लागला तो इथं. माझ्या टाचाही तोवर बऱ्याच गुळगुळीत झाल्या होत्या, पण ते मी त्यांना कधी कबूल केलं नाही.

एवढ्या सगळ्यात त्यांच्या हाताला यश येत नव्हतं ते घरातच. नलूच्या उजव्या पायाला, तळव्यावर करंगळीच्या खाली, कुरूप झालं होतं. वाटाण्याएवढं, पण आत दडलेलं टोक असलेलं. चालताना ते टोचायचं, म्हणून ती पाय जरा बाहेरच्या कडेवर टाकायची. तात्या रोज तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचे. भिजवून घासलं की वरची साल नरम व्हायची, आठवडाभर बरं वाटायचं, आणि मग ते पुन्हा वर यायचं. काकू म्हणाल्या, "न्हाव्याला दाखवू या." तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

मग त्यांना सुचलं की कुरुपावर भारच पडायला नको. त्यांनी आपली कचेरीत घालायची काळी टोपी घेतली, तिच्यातून गोल चकती कापली, चकतीला मधोमध भोक पाडलं आणि ती नलूच्या चपलेत अशी बसवली की कुरूप भोकात यावं. नलूला खरंच आराम पडला. दुसऱ्या दिवशी तात्या बोडक्यानं कचेरीत गेले. त्या काळी बोडक्यानं कचेरीत जाणं म्हणजे आक्रीतच. साहेबांनी विचारलं, "मोजणीदार, टोपी कुठाय?"

"नलूच्या पायात आहे," तात्या म्हणाले.

साहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले असं लोक सांगतात.

नलू तेव्हा वीस-बावीसची असेल. व्हर्नाक्युलर फायनल झालेली, शिवणकामात हुशार, आणि सांगायलाच हवं की दिसायला चांगली. मोठे डोळे, हसली की एका गालाला खळी. हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. तात्यांना माहीत होतं की नाही, ते सांगता येत नाही, कारण तिच्याबद्दल ते बोलत ते फक्त घोट्याच्या खालचं.

एकदा आमच्या शाळेत तालुक्यातल्या शिक्षकांची सभा होती. मी चष्मा घरी विसरले होते, तो नलू घेऊन आली. ती दारात आली आणि त्याच वेळी तलासरीकडचा एक तरुण मास्तर बसला होता तो बाक कडाडकन मोडला. मास्तर खाली गेला. पण त्याचा मुद्दा अर्धा राहिला होता, म्हणून तो तसाच जमिनीवर बसून बोलत राहिला आणि मुद्दा संपल्यावरच उठला. सगळे हसत होते. नलू दारातून निघून गेली. त्यानं तिला पाहिलंही नाही. संध्याकाळी वज्री चालू असताना ती मला सहज विचारावं तसं म्हणाली, "बाई, ते पडले ते कोण?"

नलूनं आजवर कोणाबद्दल काही विचारलं नव्हतं. मी काकूंच्या कानावर घातलं. मुलाचं नाव मधुकर. घर चिंचणीला, वडिलांची वाडी आणि भातशेती, माणसं सरळ. नोकरी तलासरीच्या पलीकडच्या एका गावात. काकूंनी नलूला विचारलं. नलू "हो" म्हणाली आणि मान खाली घालून शिवणयंत्र इतक्या जोरात चालवलं की दोरा तुटला.

चिंचणीकरांकडे शब्द टाकायला माणूस होता तो रतिलालशेठ. स्टेशनजवळ त्यांचं धान्याचं दुकान. भात घ्यायला ते दर आठवड्याला चिंचणीला जात, आणि मधुकरच्या वडिलांशी, अण्णांशी, त्यांची जुनी ओळख. शेठ फार भला माणूस. ते संध्याकाळी पडवीत आले. अर्थातच त्यांचेही पाय घमेल्यात गेले. मी कुडाच्या अलीकडे वह्या तपासत होते, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

तात्या म्हणाले, "शेठ, एक गोष्ट त्यांना आधीच सांगून टाका. मुलीला कुरूप आहे."

शेठ चपापले. मग म्हणाले, "अरे तात्या, आवुं बोलाय? आपल्याच पोरीला?"

"खोटं कशाला सांगू? आहे ते आहे."

"पण मी पाहिली ने तिला. मला तर सारी, एकदम चांगली वाटली."

"तुम्ही लांबून पाहिलीत. बसलेली असली की लक्षात येत नाही. उठून चालायला लागली की कळतं."

"चालायला लागली की?"

"हो. उन्हाळ्यात जास्तच."

शेठ विचारात पडले. "लहानपणापासून हाय?"

"छे! एकदोन वर्षं झाली असतील. मी रोज घासतो."

"घासता?"

"मिठाच्या पाण्यानं. तेवढ्यापुरतं बरं दिसतं, पण पुन्हा होतं तसंच. हिच्या आईलाही होतं. लग्नानंतर गेलं."

काकू त्याच वेळी चहा घेऊन आल्या. शेठांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा, काकू तर आता एकदम सारी छे."

"तेच सांगा त्यांना. जाईल म्हणावं हळूहळू. पण आम्ही लपवलं असं व्हायला नको. तलासरीकडं विहिरी टेकाडाखाली असतात. हिला रोज जावं-यावं लागणार."

"विहिरीवर लोक बघणार," शेठ खिन्नपणे म्हणाले.

"बघणारच," तात्या म्हणाले.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मराठी माणसाला तो 'ला' पुरतो. 'मुलगी कुरूप' वेगळं आणि 'मुलीला कुरूप' वेगळं, हे आम्ही बोलायला शिकतो तेव्हाच शिकतो. शेठांचं मराठी बाजारातलं होतं. तांदूळ, पाऊस, बारसं, कोर्ट, सगळीकडे ते बिनधास्त चालायचं, पण पायाच्या तळव्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं. त्या दुखण्याला गुजरातीत कपासी म्हणतात. कुरूप म्हणजे तिकडं फक्त कुरूपच. पण हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं.

शेठ चिंचणीला गेले आणि बापाचा शब्द जसाच्या तसा पोचवून आले. पुढच्या आठवड्यात ते पडवीच्या पायरीशीच उभे राहिले. घमेल्यात पाय घालायला तयार होईनात. म्हणाले, "त्यांची ना छे, तात्या. कारण तेच. तुम्ही बोलला ते."

तात्यांनी मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "चालणाऱ्या लोकांना चालणारी मुलगी हवी."

संध्याकाळी घमेलं मांडलं गेलं. तात्यांनी हाक मारली, "नलू, पाणी निवतंय."

"निवू दे," आतून नलू म्हणाली.

तिनं असं कधी उत्तर दिलं नव्हतं. तात्या वज्री हातात घेऊन बसून राहिले. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली. रडलेली दिसत होती, पण आवाज शांत होता. म्हणाली, "तात्या, माझ्याबद्दल सांगायला तुमच्याकडे दुसरं काही नव्हतं का?"

तात्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. पाणी पार थंड झालं, तरी ते तिथंच बसले होते. मला नलूसाठी वाईट वाटत होतं आणि तात्यांचा संताप येत होता. कोणाची मुलगी आहे ही, पायाची? पण त्यांचा तो चेहरा बघून मी दार लावून घेतलं. त्यानंतर नलू घमेल्याजवळ आली नाही. कुरूप वाढत गेलं आणि ती लंगडायला लागली, तरी आली नाही.

थंडीत तात्यांना तलासरीकडे मोजणीचं काम निघालं. मुक्काम एका खेड्यातल्या शाळेच्या ओट्यावर. तात्यांनी संध्याकाळी तिथंही घमेलं मिळवलंच. तेवढ्यात शाळेचा मास्तर पाड्यांवरून मुलांच्या चौकशा करून परत आला. चपला हातात होत्या, कारण टाचा अशा फुटल्या होत्या की चपलेचा काठही सोसवत नव्हता. तात्यांनी त्या टाचा पाहिल्या आणि विचारपूस न करता त्याला बसवलं. नाव विचारलं नाही. नावाची त्यांना गरज नव्हती. पुढची हकीकत तात्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मीच तिथं हजर होते असं मला वाटतं.

"घरात कोणी नाही का, तेल लावून द्यायला?" तात्यांनी टाच हातात घेऊन विचारलं.

"लग्न व्हायचंय अजून."

"मग करून टाका."

मास्तर हसला. "घरी डहाणूची एक मुलगी सांगून आली होती. पण तिच्या बापानं स्वतःच निरोप पाठवला, माझी मुलगी कुरूप आहे म्हणून. आमच्या अण्णांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बापच असं म्हणतो तर आपण काय बोलणार?"

तात्यांचा हात थांबला.

"मला रूपाचं एवढं काही नव्हतं," मास्तर पुढं म्हणाला. "पण असला सासरा नको वाटला. पोटच्या पोरीबद्दल असं बोलवतं तरी कसं माणसाला?"

"कसा असेल तो दिसायला?" तात्यांनी विचारलं.

"उंच असेल. मोठ्या मिशा असतील. दुष्ट."

तात्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या पायाला म्हणाले?"

"पायाला कशाला? सगळीच कुरूप आहे म्हणे."

"सगळी नाही," तात्या म्हणाले. "उजव्या पायाला. तळव्यावर, करंगळीच्या खाली."

मधुकरनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पण टाच तात्यांच्या मुठीत होती, आणि अर्धवट घासलेली टाच तात्या सोडत नसत. मग मधुकरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो असा हसायला लागला की घमेलं कलंडलं. तात्या हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पाणी आणवलं, दुसरी टाच पूर्ण केली, कोकमतेल भरलं, मोजे चढवले आणि मगच म्हणाले, "आमची चूक झाली. येऊन बघून जा."

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. माझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. नलू हसली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलंत, उजव्या पायाला आहे. आणि बाकीची?"

"बाकीचं तो येऊन बघेल."

"पण तुम्ही काय सांगितलंत?"

तात्या अडखळले. मग म्हणाले, "मोजणीदारानं स्वतःच्या जमिनीची मोजणी करायची नसते, नलू. ती कोणी धरत नाही."

"धरली असती मी," नलू म्हणाली आणि आत गेली. काकू तात्यांना म्हणाल्या, "अहो, मुलगी चांगली आहे एवढे तीन शब्द. त्याला साखळी लागते का?" तात्या पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी स्वतःचेही पाय भिजवले नाहीत.

मधुकर आणि अण्णा बघायला आले. मधला माणूस म्हणून रतिलालशेठ होतेच. नलू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि अण्णांनी बशी घ्यायच्या आधी शेठांकडे वळून पाहिलं.

"शेठ," अण्णा म्हणाले, "भात घेताना तरी नीट बघून घेता ना?"

"मला काय बोलता? बाप बोलला!" शेठ कळवळून म्हणाले. मग तळवा, करंगळी, चकती असं सगळं तात्यांनी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा शेठांनी मांडीवर थाप मारली. "अरे, ए तो कपासी! मला पण हाय!" आणि त्यांनी तिथल्या तिथं पाय वर करून दाखवली. शेठ नुसते पाय भिजवून उठत, म्हणून ती आजवर घमेल्यातही तात्यांच्या नजरेतून सुटली होती. मुलगी बघायचा कार्यक्रम त्यानंतर बराच वेळ शेठांच्या पायाभोवती चालला. मधुकर आणि नलू यांना एकमेकांकडे बघायला तेवढी उसंत मिळाली. अण्णांनी नलूला चालून दाखवायला सांगितलं नाही. म्हणाले, "आमच्या हिला पण आहे. चालते की."

लग्न उन्हाळ्यात झालं, आमच्याच अंगणात मांडव घालून. वराचे पाय धुवायची वेळ आली आणि जे होणार असं आम्हाला वाटत होतं तेच झालं. काकू पाणी घालत होत्या आणि तात्या धूत होते. नुसते धूत नव्हते. त्यांनी मधुकरची टाच उजेडाकडे वळवून पाहिली, भेग भरली आहे की नाही त्यावर अंगठा फिरवून खात्री केली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. भटजींचे मंत्र संपले. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून म्हटले. तात्या दुसऱ्या पायाकडे वळले तेव्हा अण्णा मोठ्यानं म्हणाले, "तात्या, नवरा मुलगा आम्हाला परत न्यायचाय." मांडव हसला. तात्यांनी पंच्यानं बोटांच्या बेचक्या पुसल्या आणि पाय सोडला.

जेवणं झाली. चिंचणीला जाणारी मोटार दारात उभी राहिली. नलू पाटावर बसली होती, बायका ओटी भरत होत्या, काकू कधीच्या रडत होत्या. तात्या कुठं दिसत नव्हते. मला वाटलं, गेले असतील मागं पडवीत, एकटे बसायला. तर ते आतून परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि नलूच्या पुढ्यात जमिनीवर बसले. तांब्या त्यांनी काकूंच्या हातात दिला.

भटजी म्हणाले, "अहो, मुलीचे पाय धुवायचं विधीत नाही."

"नसू दे," तात्या म्हणाले.

बायका बाजूला सरकल्या. मी तात्यांच्या हातांकडे पाहिलं. वज्री नव्हती, मीठ नव्हतं, काही नव्हतं. कित्येक महिन्यांत नलूनं त्यांना पायाला हात लावू दिला नव्हता. तिनं पाय आत ओढून घेतला नाही. तात्यांनी तिच्या जोडव्यांचा डावा पाय दोन्ही हातांत उचलला आणि परातीत ठेवला.

नलू खाली वाकून हळूच म्हणाली, "तात्या, कुरूप उजव्याला आहे."

"माहीत आहे," तात्या म्हणाले. आणि काकूंना म्हणाले, "पाणी घाल."